केवळाबाईला न्यायचं कसं

गाडीतून उतरा म्हणून तिघांनीही सांगून पाहिलं होतं. उतार खडा होता, वाट दवानं निसरडी झालेली. चार पावलं चालायचं आणि खाली नाल्यात गेलं की पुन्हा बसायचं, एवढंच. पण केवळाबाई उतरली असती तर ती केवळाबाई कसली.

"माझा मालक जिता व्हता तवा त्यानं मला कधी अर्ध्या वाटंत उतरवलं न्हाई. आन् आता तुम्ही उतरवायला निघालाव व्हय?" असं म्हणून ती गाडीत मांडी ठोकून बसली ती बसलीच. दीर दगडोबा आणि सून सिंधु खाली उतरून गाडीमागं चालू लागले. गाडीबैलांचा धनी मलप्पा कासरा धरून पुढं झाला.

मग व्हायचं तेच झालं. डावं चाक कडेवरून सुटलं, जू मोडलं. एक बैल निसटून रानात पळाला आणि दुसरा गाडीसकट खालच्या काळ्या डोहात गेला. घोंगड्या, दोरखंड, भाकरीचं गठुडं, देवीच्या ओटीचं सामान, सगळं पाण्यानं गिळलं. केवळाबाई तेवढी मधेच उसळून बाहेर फेकली गेली आणि नाल्याच्या काठच्या खडकावर आदळली. शुद्धीवर आली तेव्हा तिचा उजवा पाय गुडघ्याखाली असा वळला होता की तिला स्वतःलाच बघवेना.

पहिला शब्द तिनं काढला तो हा, "रडू नगंस सिंधे. मेले असते तर रडायचं. आता कशाला?"

निघाले होते माहूरला, रेणुकामातेच्या पायाशी. केवळाबाईचा एकुलता लेक व्यंकट श्रावणात स्टेट काँग्रेसच्या पोरांत मिसळला आणि एका सकाळी शेताकडं म्हणून गेला तो परत आला नाही. कुणी म्हणे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेला, कुणी म्हणे निजामाच्या तुरुंगात आहे. कुणी काहीच म्हणत नसे, नुसतं सिंधुच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघे आणि मान फिरवी. अशा मान फिरवणाऱ्या बायकांना केवळाबाईनं एकेक करून अशी सुनावली होती की मुखेडच्या बाजारात त्या तिला बघून दुसऱ्या आळीनं जात. देवीला मात्र तिनं सांगितलं होतं, मार्गशीर्षात येते, ओटी भरते, माझा लेक मला दे. सडकेवर जागोजागी नाके बसलेले, आल्यागेल्याला शंभर सवाल. म्हणून हिमायतनगर मागं पडल्यावर मलप्पानं गाडी जंगलवाटेला घातली होती. त्या वाटेनं त्यांना इथं आणून टाकलं.

जागा कशी होती म्हणाल तर विहिरीच्या तळासारखी. दोन्ही अंगांना काळ्या खडकाच्या भिंती, वर आभाळाची एक चिंधी. पुढं डोह, त्यात पोहून जायची सोय नाही. मागं गाडीवाट होती, ती गाडीनंच पाडून नेली, आता नुसती घसरण उरलेली. एक शेरडांची वाट तेवढी कपारीकपारीनं वर चढत होती, माणूस एका वेळी एकच जाईल एवढी. वर चढून सागाचं रान ओलांडलं की वाडी आहे आणि वाडीत हाडं बसवणारा म्हातारा आहे, हे मलप्पाला ठाऊक होतं. पण वाडी जवळ नव्हती.

मलप्पा डोहाच्या काठाला गेला. बैल कुठं दिसतो का ते बघायला गेला असावा. तिथं चिखलात एक भला मोठा पंजा उमटला होता, ताजा. त्यानं तो पाहिला आणि कुणाला कळू नये म्हणून पायानं चिखल सारखा केला. पण केवळाबाईची नजर त्याच्या आधी तिथं पोचली होती.

"पुसून काय व्हतंय मलप्पा? ज्याचा हाय त्याला त्याचं घर कुठं हाय ते ठावं हाय."

"अक्का, तुम्ही कवा बघितलंव?"

"पाय मोडलाय, डोळं न्हाई मोडलं. मोठं जनावर हाय. दिवस मावळला की पाण्यावर येणार."

दगडोबा म्हणाला, "मी पळत जातो वाडीवर. माणसं घेऊन येतो."

"तुम्ही आन् पळत? घरातनं परसाकडं जाताना दोनदा टेकता, भावजी. जाशीला कवा, येशीला कवा? तवर तुमच्या वैनीचं काय शिल्लक ऱ्हाईल ते गोळा करून न्या."

मलप्पाला धाडावं तर दगडोबा आणि सिंधु दोघांनीच इथं राहायचं, हातात मलप्पाच्या कमरेचा एक कोयता. मग काय ते न सांगताच ठरलं. दिवस आहे तोवर केवळाबाईला उचलून न्यायचं. प्रश्न होता कशावर. दगडोबानं डोक्याचा पटका सोडला, बांबूच्या कांबी लावून पाय बांधला. बांधताना केवळाबाईच्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही, पण तिनं सिंधुचं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. पाय सुजून टणक झाला होता आणि बोटं निळी पडत चालली होती. तिनं ती निळी बोटं पाहिली आणि पदर ओढून झाकली.

पाठुंगळीला घेऊन बघितलं. मलप्पानं वाकून तिला पाठीवर घेतलं, पण मोडका पाय खाली लोंबला तशी ती पांढरीफटक पडली आणि मान टाकली. पुन्हा खाली ठेवली. पाणी मारलं.

"दोर पायजे," मलप्पा म्हणाला. "दोर असला म्हंजी बाकीचं व्हतंय."

दोर डोहात होता. पण काठावर पळस होते, आणि पळसाच्या मुळ्यांचा वाख काढून दोर वळणं त्यांच्याकडं गुराखीसुद्धा जाणतो. मलप्पानं कोयत्यानं माती उकरून मुळ्या तोडल्या. सिंधु त्या खडकावर ठेवून दगडानं ठेचू लागली. ठेचलं की साल सुटे आणि आतला तांबूस, धाग्याधाग्यांचा वाख मोकळा होई.

"ठेच जरा. कुरवाळून काय राह्यलीस? मूळ हाय ते, लेकरू न्हाई," केवळाबाई पडल्या पडल्या म्हणाली.

सिंधुनं दगड उचलला आणि असा घातला की खडकाचा टवका उडाला. सुनेच्या हातात एवढा जोर आहे हे केवळाबाईला माहीत नव्हतं. किंवा तो जोर कुणावर निघून राहिलाय ते तिला माहीत होतं.

तिघांनी मिळून दोर वळला. मांडीवर पीळ देत, थुंकी लावत. दगडोबा म्हणाला, आता माझ्यावर सोडा. त्यानं मलप्पाकडून दोन लांब बांबू तोडून घेतले, शेंड्याकडचे आडवे तुकडे केले, आणि केवळाबाईच्या नजरेआड, खडकामागं बसून बांधायला घेतलं. हात भराभरा चालत होते. कधी नव्हे ते दगडोबाचे हात कुठं अडत नव्हते.

बांधून झालं. त्यावर सागाची पानं अंथरली. दोघांनी उचलून आणून ते केवळाबाईपुढं ठेवलं.

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"भावजी, हे काय बांधलंव?"

"काय म्हंजी? तुमाला निजवून न्यायला."

"हे मी वळखते. यावर माझी सासू गेली. यावर मालक गेले. तुमच्याच हातची गाठ व्हती, हीच."

आता दगडोबानं आपण काय केलंय ते पाहिलं. गावात कुणी गेलं की पहिला निरोप दगडोबाला यायचा. तिरडी बांधावी तर त्यानंच. दुसरं काही काम त्याला आयुष्यात धड जमलं नाही, नांगराचं तास सरळ निघालं नाही, गाडीचा आख बसवता आला नाही. पण बांबू आणि सुतळी समोर आली की त्याचे हात आपोआप चालत. बाजारात त्यानं नुसती सुतळी मागितली तरी दुकानदार हात थांबवून विचारी, कोण गेलं? आता तो आपल्या हातांकडं असा बघत होता की ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"वैनी, मला दुसरी गाठ येतच न्हाई."

"सोडा ती."

"सोडून पुन्हा बांधली तरी तशीच व्हणार. तुम्ही डोळं झाकून पडा. गाठ काय, लाकूड काय. जीव वाचला म्हंजी झालं."

"माझा जीव माझा हाय, तो मी बघीन." केवळाबाईचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की घरातली माणसं जास्त भीत. "माझा लेक न्हाई इथं. पाणी कुणी पाजायचं? आग कुणी द्यायची? लेक नसताना आई आपल्या पायानं जाऊन तिरडीवर निजली तर वरच्याला काय वाटंल? वाटंल, हिनं आस सोडली. मग तो कशाला पाठवतोय माझ्या व्यंकटाला? मी त्यावर निजणार न्हाई. वाघानं नेलं तर नेऊ दे, वाघ काय तिरडी बांधत न्हाई."

सिंधु पाठमोरी होऊन उरलेला वाख गोळा करू लागली. तिच्या नवऱ्याचं नाव निघालं की ती अशीच काहीतरी गोळा करायला लागे.

मलप्पा व्यवहारी माणूस. देगलूरकडचा लिंगायत, अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी. बैल गमावल्याचं दुःख गिळून तो म्हणाला, "निजायचं न्हाई ना अक्का? मग बसवून नेतो. त्यात काय."

त्यानं दुसरे बांबू तोडले. मधे एक बैठक बांधली, मागं टेकायला आडवी कांब, दोन्ही बाजूंना हात धरायला उभ्या कांबी. पाय लांब ठेवायला पुढं एक पाट काढला. बैठकीवर शिंदीच्या झावळ्या विणून घातल्या. केवळाबाईचा चेहरा खुलला. मेण्यात बसायचा थाट होता तो.

"याला म्हणत्यात अक्कल," ती दगडोबाकडं बघून म्हणाली. "लग्नात मी असल्याच मेण्यात आले व्हते. चला, बसवा."

सिंधुनं काखेत हात घालून तिला उचललं, दगडोबानं पाय सांभाळला. बसली. पाठ टेकली. वारा अंगावर येऊ नये म्हणून मलप्पा डोक्यावरून दोन कांबींची कमान करून वर पानं टाकायला लागला, आणि तिथं त्याचे हात थांबले. तो दोन पावलं मागं सरला. बैठक, कमान, आत ताठ बसलेली केवळाबाई.

"उचल ना रे," दगडोबा म्हणाला.

"मला न्हाई उचलवत."

"काऊन? जड हाय?"

"जड न्हाई." मलप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "अक्का, आमच्यात निजवून न्हेत न्हाईत. आमच्यात मेलेल्याला असंच बसवत्यात. कमान करत्यात. सर्गाला न्यायचं इमान म्हणत्यात त्याला. माझ्या अप्पाला मागल्या सालीच नेलं. हेच असं. तुम्ही आत बसलाव, आन् मला अप्पाच दिसून राह्यलेत."

मग दगडोबाला हसू फुटलं. नको त्या वेळी फुटलं, आवरेना. "वैनी, निजलाव तर आमची तिरडी, बसलाव तर ह्याचं इमान. आता उभ्यानं चला."

"हसा. दात पडत आल्यात, तवर हसून घ्या." पण केवळाबाईला मलप्पावर रागावता येईना. तिला जे भय होतं तेच त्याला होतं, फक्त उलट्या बाजूनं. तिनं त्याचं तोंड पाहिलं. त्या तोंडाचा माणूस त्या खुर्चीला हात लावणार नव्हता, आणि लावला असता तरी अर्ध्या कड्यावर त्याचे हात सुटले असते. "उतरवा मला," ती म्हणाली.

पुन्हा खडक. पुन्हा ती आभाळाची चिंधी. खडकाच्या भिंती इतक्या जवळ वाटायला लागल्या की हात लांबवला तर दोन्हीकडं लागतील. उन्हाचा पट्टा एका भिंतीवरून सरकत सरकत वर गेला होता. तो वर गेला की दिवस गेला. केवळाबाईनं पदराखाली पायाची बोटं चाचपली. त्यांना आता तिचा हात लागल्याचं कळत नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात सिंधु बोलली. "आत्याबाई, मी नेते."

"तू? कशी?"

"आमच्याकडं रानात गाय व्याली की वासरू पाठीवर बांधून घरी आणत्यात. दोन्ही खांद्यांवरून दोर, खाली काठी, काठीवर वासरू. पाठीला पाठ लावायची. पाय मागं लांब ऱ्हाईल, मामंजी खालून धरतील."

"म्हंजी मी आता वासरू?"

"तुम्ही बोला काय बोलायचं ते. दिवस चालला."

असं सिंधु सासूला कधी बोलली नव्हती. केवळाबाईनं दोन्ही हात पुढं केले.

दोर दुहेरी केला. खांद्याला कापू नये म्हणून सागाची पानं आणि गवत गुंडाळून चुंबळीसारख्या गाद्या केल्या. जाड काठीची बैठक केली, मोडक्या पायाला खालून आधार म्हणून बांबूचं चिरून फाकवलेलं टोक. केवळाबाईला काठीवर बसवून पाठीला पाठ लावली, कमरेभोवती दोराचा फेरा घेतला. सिंधु एक गुडघा टेकून उठली. उठताना तिच्या पोटातून एक आवाज आला, ओझ्याखाली गाडीच्या आखातून येतो तसा.

आणि चढायला लागली.

केवळाबाईचं तोंड मागं. त्यामुळं ती कुठं जाते आहे हे तिला दिसत नव्हतं, कुठून निघालो तेवढंच दिसत होतं. खाली डोह, काठावर दगडोबाची सोडून दिलेली तिरडी आणि मलप्पाचं ते इमान, दोन्ही शेजारीशेजारी पडलेली. दगडोबा पाय धरून मागून येत होता, त्याच्या मागं मलप्पा. सिंधुचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून की काय, केवळाबाईला तिच्याशी बोलता आलं.

"जेवत न्हाईस व्हय गं? पाठीची हाडं टोचून राह्यलीत."

"जेवते."

"काय जेवतेस. पावशेर मांस न्हाई अंगावर. मला वाटलं माझ्या घरात सून पोसून ऱ्हायलीय."

"तुम्ही तरी कुठं जेवता आत्याबाई? ताटातली अर्धी भाकर झाकून ठिवता. रोज. सकाळी कुत्र्याला घालता. मला दिसत न्हाई व्हय?"

ती अर्धी भाकर कुणासाठी झाकली जाते ते दोघींना ठाऊक होतं. दोघींनी ते एकमेकींपासून लपवलं होतं.

वाट अरुंद झाली. सिंधु आता हातांनी खडक धरून चढत होती. श्वास भात्यासारखा. केवळाबाईला आपल्या पाठीवर काहीतरी ओलं लागलं. घाम असेल म्हणून तिनं हात मागं नेऊन पुसलं आणि हात पुढं आणला तर बोटं लाल. दोर गादीतून उतरून खांद्यात रुतला होता.

"थांब."

"न्हाई. थांबले तर पुन्हा उठणार न्हाई."

"सिंधे, रगत येऊन राह्यलंय."

"येऊ द्या."

"आन् तू मेलीस म्हंजी?"

सिंधु एक पाऊल चढली, मग म्हणाली, "मामंजी हायेत की. त्यांना गाठ येती."

केवळाबाईला हसू आलं. आईशप्पथ आलं, त्या अवस्थेत. आणि त्याच वेळी सिंधुचा गुडघा गेला. पाय सरकला, खडे खाली डोहात गेले, आणि केवळाबाईला मोकळं आभाळ डोळ्यांपुढं फिरताना दिसलं. दगडोबानं खालून दोन्ही हातांनी बैठकीची काठी रेटून धरली, मलप्पानं दगडोबाला. चौघं कपारीला चिकटून राहिले.

केवळाबाईनं खाली पाहिलं. किती चढलो म्हणाल तर काहीच नाही. डोह तिथंच होता, तेवढाच काळा. तिला कळलं की ही पोर मरेल पण थांब म्हणणार नाही, कारण थांब म्हणायची सवय तिला या घरात कुणी लावलीच नव्हती. आणि पोर मेली तर व्यंकट ज्या दिवशी दारात उभा राहील त्या दिवशी त्याला दार कोण उघडेल? तिनं आजवर देवीकडं लेक मागितला होता. लेकाला घरी आल्यावर काय मिळायला हवं, याचा विचार तिनं केलाच नव्हता.

"उतरवा मला," ती म्हणाली. "भावजी, जा. ती घेऊन या."

"कोणती?"

"कोणती म्हंजी? तुमच्या हातची. जा म्हणते ना."

दगडोबा खाली उतरून तिरडी घेऊन आला. सिंधु कपारीत बसून रडत होती, थकली म्हणून की हरली म्हणून, तिचं तिलाच ठाऊक. केवळाबाईला त्या पानांवर निजवलं, दोर आवळला. तिनं डोळे मिटले नाहीत. दगडोबा पुढं, मलप्पा मागं. उचललं. मोडका पाय सरळ राहिला, पहिल्यांदाच कळ डोक्यात गेली नाही. बांधणारा आपल्या कामात पक्का होता एवढं मात्र खरं.

डोळ्यांपुढं फक्त आभाळ. अस्संच दिसत असणार, तिला वाटलं. सासूला असंच दिसलं असणार, मालकाला असंच. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओठ उघडेनात.

दगडोबाचा दम फुलला. त्याच्या नरड्यात घरघर सुरू झाली. मलप्पा मागून म्हणाला, "टेकवा की थोडं. सपाट दगड हाय."

"न्हाई, न्हाई," दगडोबा धापा टाकत म्हणाला. "इथं कसं? इसावा एकदाच असतोय. अर्ध्या वाटंत, एकदाच."

तो हे विचार करून बोलला नव्हता. तोंडातून गेलं. आयुष्यभर तिरड्या नेल्या, एकदा विसाव्याला टेकवायची, मग थेट मसणवटा. जीव गेला तरी मधे दुसऱ्यांदा टेकवायची नाही.

केवळाबाईची मान वळली. "काय म्हणलाव?"

"काई न्हाई वैनी."

"एकदाच टेकत्यात?"

"मेलेल्याला एकदाच."

"मग टेकवा मला."

"आँ?"

"टेकवा म्हणते! हितं टेकवा. आन् त्या दगडापाशी पुन्हा टेकवा. आन् त्याच्या वरच्या झाडापाशी पुन्हा. दहांदा टेकवा, ईसदा टेकवा. वरच्याला मोजू द्या की. त्यालाच कळंना झालं पायजे ही काय चाललीय ती. तिरडी असती तर एकदा टेकली असती. ही कसली तिरडी? ही माझी बाज हाय, मी फिरायला निघालेय."

दगडोबानं टेकवली. खडकावर बसून तो श्वास घेऊ लागला, आणि त्याच्या तोंडावर असा काही आराम आला की मलप्पाला हसू आवरेना. सिंधुनं नाक पुसलं.

मग सुरू झालं. चार पावलं, टेकवा. चार पावलं, टेकवा. कपारीत टेकवली, मुळीवर टेकवली, एकदा दगडोबाला गरज नसताना उगीच टेकवायला लावली. तो म्हणाला, आता दम आहे, चलू द्या. ती म्हणाली, तुमचा दम गेला खड्ड्यात, टेकवा. तोंड एक क्षण बंद नव्हतं. मलप्पाच्या पळालेल्या बैलाला शिव्या, नाकेवाल्यांना शिव्या, मोडक्या पायाला शिव्या, देवीलासुद्धा दोन शब्द. "आई, मी येते म्हणले व्हते, तर तूच वाट पाडलीस. आता तूच बघ." सिंधु कोयता घेऊन पुढं पुढं फांद्या सपासप तोडत वाट करत होती. वळणावर चढ खडा झाला की मागं येऊन सासूच्या बाजूचा बांबू रक्ताळल्या खांद्यावर घ्यायची. केवळाबाई तिला नको म्हणाली नाही. तिनं फक्त हात बाहेर काढून तिच्या खांद्यावरचं पान नीट केलं.

उन्हाचा पट्टा खडकाच्या माथ्यावरून निघून जायच्या बेतात होता तेव्हा ते वर आले. सागाचं रान सपाट होतं. मागं, खाली, डोहाच्या अंगाला एका चितळानं भेदरून हाक दिली, मग दुसऱ्यानं. मलप्पानं मागं वळून पाहिलं नाही. पावलं उचलली.

वाडी दिसली ती धुरावरून. वेशीच्या चिंचेखाली चार माणसं बसली होती. रानातून दोन माणसं खांद्यावर बांबू घेऊन येताना दिसली, मधे निजलेलं माणूस, पुढं एक रडून सुजलेली बाई. चौघं उभे राहिले. एकानं पागोटं काढलं. दुसऱ्यानं हात जोडले. एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून पुढं आली.

"कुणाचं गं माय? कवा झालं?"

"माझंच," केवळाबाई तिरडीवरून म्हणाली. "अजून झालं न्हाई. ते हाडं बसवणारं म्हातारं कुठं मेलं ते सांग आधी."

म्हातारीच्या हातातली काठी पडली. हात जोडलेला माणूस हात जोडलेलेच विसरला आणि तसाच मागं सरकला. मग एकदम सगळी वाडी बोलायला लागली. कुणी पाणी आणायला पळालं, कुणी म्हाताऱ्याला. दगडोबा आणि मलप्पा तिला घेऊन वेशीतून आत शिरले. म्हाताऱ्याचं दार समोर होतं, दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढंच अंतर. म्हातारा दारात येऊन उभाही राहिला होता.

"टेकवा," केवळाबाई म्हणाली.

"वैनी, आता काय! दार तर समोर आलं."

"म्हणूनच. मधे न टेकवता थेट नेऊन उतरवत्यात ते कुणाला, मला ठावं हाय. हितं टेकवा, उचला, आन् मग आत चला." ती थांबली. तिच्या तोंडावरचा सगळा दिवसभराचा ताठा एकाएकी उतरला. तिनं सिंधुचा हात चाचपडून धरला. "आन् तू हितं उभी ऱ्हा. माझ्या डोक्याशी. पाय बसवताना मी वरडणार हाय, लई वरडणार हाय. कुणी इच्यारलं तर सांग, जिती हाय म्हणून वरडतेय."

सिंधु तिच्या उशाशी उभी राहिली. दगडोबानं बांबू भुईला लावला.